होडीतली चौथी जागा

प्रवासाच्या खरेदीच्या पिशव्या त्या रविवारी सकाळी उघडल्या, तेव्हा घरातल्या प्रत्येकाला काही ना काही मिळालं. सून मनाली हिला रुंद काठांची गवती टोपी मिळाली. सासरा सदू याला पांढरेशुभ्र बूट मिळाले, ते घालून तो लगेच हॉलमध्ये दोन फेऱ्या मारून आला. मनालीचा धाकटा भाऊ सौरभ, त्याला मोबाईल अडकवायची लांब काठी. आणि रोहनने आपल्या आईच्या, भिमाबाईच्या मांडीवर सोनेरी फीत बांधलेलं एक खोकं ठेवलं.

"आई, हे खास तुझ्यासाठी."

भिमाबाईने फीत सोडवली. आत विजेवर चालणारा चिमुकला कुकर होता.

"यशूची खिचडी मस्त होते त्यात," रोहन आपल्या चिमुरड्या लेकीकडे बोट दाखवत म्हणाला. "हॉटेलच्या रूममध्ये प्लग लावला की झालं. तिकडे तुला काय टेन्शनच नाय."

भिमाबाईने कुकर फिरवून फिरवून बघितला. झाकण काढलं, परत लावलं. तळपायाची आग मस्तकाला जाते म्हणजे नेमकं काय होतं, ते तिला त्या घडीला कळलं.

आता कुणी म्हणेल, एवढ्याशा कुकरवरून बाईने एवढं पेटायचं कशाला? म्हणून आधी थोडं मागचं सांगायला हवं.

कोपरखैरण्याच्या एका शाळेत भिमाबाई आयुष्यभर 'मावशी' होती. बालवर्गातल्या पोरांच्या चड्ड्या बदलायच्या, सांडलेला डबा पुसायचा, रडणारं पोर कडेवर घेऊन गेटपर्यंत फिरवून आणायचं, हे तिचं काम. शाळेत तिला नाव म्हणून नव्हतंच. मोठ्या बाईंपासून पहिलीतल्या पोरापर्यंत सगळे मावशी म्हणायचे, आणि हाक कितीही मायेची असली तरी तिच्या मागोमाग फडकं नाहीतर बादली यायचीच. सहल निघाली की मावशी हवीच. राणीच्या बागेत ती फाटकाशी बसली, घारापुरीला धक्क्यावर बसली. पोरं आत जायची, सर-बाई आत जायच्या, आणि जाताजाता एकच हाक यायची, "मावशी, बॅगा!" घोडं मेलं ओझ्यानं आणि शिंगरू मेलं हेलपाट्यानं म्हणतात, इथे ओझंही हिचं आणि हेलपाटेही हिचेच.

अशी ही बाई निवृत्त झाली, आणि वर्ष सरतंय तोवर नात यशोधरा, म्हणजे यशू, जन्मली. रोहन महाप्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत, मनाली वाशीला बँकेत. सिडकोच्या त्या बैठ्या घरावर आता दोन मजले चढलेले. खाली सदू आणि भिमाबाई, वर रोहनचा संसार. सकाळी यशू जिन्यावरून खाली यायची ती अंधार पडल्यावर वर जायची. भिमाबाईची काही तक्रार नव्हती. नात म्हणजे तिचा जीव होता. पण शाळा सुटली आणि शाळाच घरी आली, हे काही तिच्या नजरेतून सुटलेलं नव्हतं.

मग यंदाच्या बुद्धपौर्णिमेला विहारात वंदना झाली, खीर वाटून झाली, आणि रोहनने माईक हातात घेतला. सगळ्यांसमोर म्हणाला, "माझ्या आईने आजवर फक्त दुसऱ्यांची पोरं फिरवली. या वर्षी मी आईला व्हिएतनाम दाखवणार." टाळ्या पडल्या. बायकांनी भिमाबाईला मधे घेतलं. तिकडे केवढाले पॅगोडे आहेत, आमच्या नावाचं एक फूल वाहून ये, असं कुणी कुणी म्हणालं. भिमाबाईची मान त्या दिवशी अशी काही ताठ झाली की घरी येईपर्यंत दुखायला लागली.

तेव्हापासून रोहन तिला मोबाईलवर व्हिएतनाम दाखवायचा. दिवे लावलेली जुनी गावं, फुटपाथवर ठेंगण्या स्टुलांवर बसून वाडगे रिकामे करणारी माणसं, टोपलीभर हिरवा पाला विकणाऱ्या बायका. सगळं छान होतं. पण एक व्हिडिओ तिने मागून मागून बघितला. निन्ह बिन्ह नावाच्या ठिकाणी पाण्यातून सरळ उभे राहिलेले डोंगर, मधून हिरवी नदी, आणि तिच्याच वयाची एक बाई होडीत मागे रेलून बसलेली. ती बाई वल्हं हाताने मारतच नव्हती. दोन्ही पायांनी मारत होती, अगदी सायकल चालवावी तशी. होडी डोंगराच्या पोटातल्या गुहेत शिरायची आणि पलीकडे उजेडात निघायची.

"रोहन, मला या बाईच्या होडीत बसायचं हाय," भिमाबाई म्हणाली होती. "बाकी काय नाय दाखवलंस तरी चालंल."

"नक्की, आई. प्रॉमिस."

आता कुकरकडे वळू.

पिशव्या आवरून झाल्यावर रोहनने लॅपटॉप टीव्हीला जोडला आणि सगळ्यांना समोर बसवलं. पडद्यावर एकेका दिवसाचं पान येऊ लागलं. पहिला दिवस हनोई. संध्याकाळी जुन्या बाजारातून चालत चालत खाण्याची फेरी. ठेल्यावरचं भाजलेलं मांस, तांदळाचे रोल, अंड्याची कॉफी.

"आई आणि यशू हॉटेलवर आराम करतील," रोहन म्हणाला. "फ्लाईटने दमलेल्या असतील दोघी."

भिमाबाईने मान डोलावली. पहिला दिवस, दमणूक व्हायचीच.

दुसऱ्या दिवशी पाण्यातल्या बाहुल्यांचा खेळ. तिथे अंधार असतो, ढोल वाजतात, यशू घाबरेल, म्हणून आई आणि यशू हॉटेलवर. तिसऱ्या दिवशी स्वयंपाकाचा वर्ग. त्यांच्या बाजारात जायचं, भाज्या घ्यायच्या, एका बाईच्या घरी जाऊन रांधायचं.

"हे मी करू का?" भिमाबाईने विचारलं.

मनाली हसली. वाईट हसली नाही, पण हसली. "आई, तुम्ही आयुष्यभर स्वयंपाकच केलाय. तिकडे पण कशाला? शिवाय त्यांच्या त्या माशाच्या पाण्याचा वास तुम्हाला सहन नाही होणार."

माशाच्या पाण्याचा वास! भिमाबाईचं माहेर महाडकडच्या खाडीकाठचं. जवळा आणि सुकट वाळायची त्या अंगणात ती रांगायला शिकली. आणि ही मुलगी, जी बोंबिलाच्या काट्याला घाबरते, ती तिला वासाचं सांगणार. भिमाबाईने दात आवळले.

"आणि चौथा दिवस, निन्ह बिन्ह!" रोहनने पान सरकवलं. तीच नदी, तेच डोंगर. "आपण सकाळी लवकर निघू. एका होडीत चार जण. मी, मनाली, बाबा आणि सौरभ. सौरभ ड्रोनसारखे शॉट घेणार काठीवरून."

"एकदम कडक रील बनवतो, जिजू," सौरभ म्हणाला. हा सौरभ ट्रिपमध्ये कधी शिरला, कुणी शिरवला, भिमाबाईला ठाऊक नव्हतं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो असा. मांडी घालून, चिवड्याची वाटी घेऊन बसलेला.

"आनि मी?" भिमाबाईने विचारलं.

सगळ्यांच्या नजरा पडद्यावर गेल्या. यशू तेवढी कुकरचं झाकण जमिनीवर आपटत होती.

"आई, तीन तास होडीत उन्हात बसायचं असतं," रोहन समजुतीच्या सुरात म्हणाला. शाळेतले सर याच सुरात बोलायचे. "यशूला नाय झेपणार. कुणाला तरी तिच्याजवळ थांबायला लागणार ना? आणि ती तुझ्याशिवाय कुणाकडे राहते का? रूम मस्त घेतलीय मी. खिडकीतून तळं दिसतं."

"दुसरी होडी नाय मिळत?"

"होडीचा प्रश्न नाय गं, यशूचा आहे. आणि तुला काय त्या डोंगर-पाण्याचं एवढं? तू तर अजिंठा बघितलायस. त्याच्यापुढे हे काहीच नाय."

इथे भिमाबाईचा बांध फुटला.

"कोन म्हनालं मी अजिंठा बघितला?"

"अगं, म्हणजे... गेली होतीस ना तू? नववीच्या सहलीला."

"गेले होते. बघितला नाय."

"म्हणजे?"

"म्हंजे काय म्हंजे? लेन्यांपर्यंत आपली गाडी जात नाय. अलीकडंच थांबवतात, तितून पुढं त्यांच्या बसनं न्हेतात. दोन पोरी गाडीत ओकल्या होत्या. सर म्हनाले, मावशी, तुमी थांबा पोरींजवळ, बॅगा पन हायत. परत येताना वेळ उरला तर तुमाला न्हेतो. वेळ काय उरला नाय. मी दिवसभर त्या गाड्यांच्या तळावर ऊन खात बसले. लेनी ऱ्हायली बाजूला, डोंगर पन नीट दिसला नाय मला. एक मानूस रंगीत दगड आनि फोटोंची माळ इकत फिरत होता. त्याला दया आली, त्यानं माळ उलगडून दाखवली. हातात कमळ धरलेला तो बोधिसत्त्व मी त्या फेरीवाल्याच्या हातात बघितला!"

बोलताना तिचा आवाज चिरकत चालला होता, पण थांबायचं तिच्या हातात राहिलं नव्हतं.

"सहलीच्या आदल्या दिवशी मी मेनबत्त्यांचा पुडा घेतला होता. तितं बुद्धाम्होरं लावायच्या म्हनून. तितं लावून देत नाहीत, हे तरी कुटं ठाऊक मला? पुडा तसाच परत आला. पावसाळ्यात लाईट गेली तवा तू त्याच मेनबत्तीखाली अभ्यास केलास, रोहन. पोटात तुटलं नाय का रं कुनाच्या, एकदा इचारावं, आई, काय बघितलंस?"

रोहनचं तोंड एवढंसं झालं. मनाली यशूला उचलून उगाच तिचा फ्रॉक सारखा करू लागली. सौरभने चिवड्याची वाटी हळूच बाजूला ठेवली. आणि या सगळ्यात शहाणपण सुचलं ते सदूला.

"अगो, पन एवढं मनात कशाला ठेवायचं? तवाच बोलायचं ना."

भिमाबाई नवऱ्याकडे वळली. त्या सकाळी तिला पोराचा जेवढा राग आला होता, त्याच्या दुप्पट याचा आला.

"तुमी इचारलंत? मी त्या सहलीवरनं दारात पाऊल टाकलं, पाठीवर पिशवी तशीच, आनि तुमचा पयला प्रश्न काय होता, सांगू? 'भाकऱ्या थापनार का भात लावतेस?' आनि आता तुमी होडीत बसनार. पांढरे बूट घालून! तुमची काय हो माझ्या जाग्यावर नजर? त्या नदीचं नाव तरी सांगता येतं का तुमाला?"

सदूने वाकून नव्या बुटांची नाडी सोडायला घेतली.  भिमाबाईने पायात चपला सरकवल्या आणि ती घराबाहेर पडली.

ती गेली ते दोन गल्ल्या पलीकडे राहीबाईकडे. राहीबाईही त्याच शाळेतली मावशी, तिच्या आधी निवृत्त झालेली. तिने सगळं ऐकून घेतलं, चहा टाकला आणि कपाळाला हात लावला.

"भिमा, तू पन ना! माझा पोरगा मला पनवेलच्या पुढं न्हेत नाय. तुझा इमानात बसवतोय. नात काय, हितं पन सांभाळतेसच. तितं सांभाळ. निदान इमान तरी बघशील, एसीत झोपशील. हट्ट कशाला?"

राहीबाईचं म्हणणं खोटं नव्हतं. उपाशी माणसाने अर्ध्या भाकरीला नाव ठेवू नये, हे भिमाबाईला कुणी शिकवायला नको होतं. पण हीच अर्धी भाकरी तर ती आजवर खात आली होती. गाडीत बसायला मिळतंय ना, मग झालं. डबा मिळतोय ना, मग झालं. अशा प्रत्येक 'मग झालं'च्या शेवटी ती कुठल्या तरी फाटकाशी बॅगा घेऊन बसलेली असायची.

"इमान बघायचं नाय मला, राही," ती म्हणाली. "त्या होडीत बसायचं हाय. नाय बसवलं तर मी जानार नाय. आनि लोकांनी इचारलं तर सांगेन, पोरानं माईकवर सांगितलं ते खोटं होतं."

"एवढी कशी गो तू बदललीस?"

"बदलले नाय. आदीपासून अशीच होते. बोलत नव्हते फक्त."

संध्याकाळी रोहन खाली आला. भांडी घासत असलेल्या आईच्या मागे उभा राहून म्हणाला, "सॉरी, आई. तू होडीत बस. यशूचं काय करायचं ते तिकडे गेल्यावर बघू."

तिकडे गेल्यावर बघू. वेळ उरला तर नेतो. भिमाबाईने हातातलं पातेलं जरा जास्तच जोरात घासलं. पोरगा खोटं बोलत नव्हता, मनापासून बोलत होता. सरही मनापासूनच बोलले असतील. अशा मनापासून बोलणाऱ्या माणसांनीच तिचं आयुष्य खाल्लं होतं. तोंडाने ती फक्त म्हणाली, "बरं."

त्या 'बरं'वर सगळे खूश झाले. घरात शांतता आली, आणि शनिवारी दुपारी सगळ्यांनी सीवूड्सला नव्याने निघालेल्या व्हिएतनामी हॉटेलात जेवायला जायचं ठरलं. कल्पना मनालीची. आईंना ते जेवण चालतं का, ते इथेच कळलेलं बरं, असं तिचं म्हणणं. भिमाबाईने ठेवणीतली पांढरी साडी नेसली. सदूने नवे बूट घातले. त्यांना सवय व्हायला हवी म्हणे.

हॉटेल गार होतं, भिंतीवर त्याच नदीचा मोठा फोटो होता. भिमाबाई मुद्दाम फोटोसमोरच्या खुर्चीत बसली. शेजारी उंच खुर्चीत यशू, पलीकडे रोहन आणि मनाली, समोर सदू आणि काठी रोखून बसलेला सौरभ.

"आंटी, पहिला घास घेताना रिअ‍ॅक्शन द्या हां," सौरभ म्हणाला.

आधी आले तांदळाचे रोल, पारदर्शक, आतली कोळंबी आणि हिरवा पाला बाहेरून दिसणारे. भिमाबाईने बोटाने दाबून बघितला आणि तिला हसू आलं. तिच्या माहेरी उन्हाळ्यात तांदळाच्या फेण्या वाफवायच्या. उन्हात घालायच्या आधीची ओली फेणी पोरं पळवून खायची. ही तीच होती, फक्त पोटात कोळंबी घेऊन आलेली. सोबतच्या वाटीत मनालीने बजावून ठेवलेलं ते माशाचं पाणी होतं, मिरची आणि लिंबू घातलेलं. भिमाबाईने रोल त्यात बुडवला आणि खाल्ला. मग मनालीकडे बघत दुसरा बुडवला.

मग फो आला. भला मोठा वाडगा, पांढऱ्या शेवया, कोंबडी, वर मोड आलेले मूग आणि तुळशीच्या भावकीतला कसलासा पाला. वाफेबरोबर चक्रीफुलाचा आणि दालचिनीचा वास नाकात शिरला. भिमाबाईने चमचा तोंडाला लावला. खारट, गोडसर, आणि खाली कुठेतरी हाडांचा खोल रस. तिचे डोळे मिटले गेले. नदीवरच्या त्या बाईने दुपारी होडी बांधल्यावर हेच खाल्लं असेल, असं तिला वाटलं. सौरभने रिअ‍ॅक्शन टिपली की नाही, तिला पर्वा नव्हती.

दुसरा चमचा उचलला आणि यशूने भोकाड पसरलं.

दूध पिऊन आली होती, गाडीत हलली होती, एसीत गारठली होती, कारण काहीही असेल. पोर लाल होऊन रडू लागली. आजूबाजूच्या टेबलांवरची माणसं वळून बघू लागली. आणि मग जे झालं ते कुणी ठरवून केलं नाही. मनालीने भिमाबाईकडे बघितलं. सौरभने बघितलं. सदूने तर शेवया ओढता ओढताच भुवईने खूण केली. रोहनने बघितलंही नाही. त्याने मान आपल्या वाडग्यात घातली होती. आई उठणार, हे त्याला बघायचीही गरज नव्हती.

याहून वाईट गोष्ट म्हणजे भिमाबाई उठली. तिला न विचारता तिच्या गुडघ्यांनी उठून दाखवलं. खुर्ची मागे सरकली, हात पोरीकडे गेले, आणि तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं की आपण उभ्या आहोत आणि वाडगा गार व्हायला सुरुवात झाली आहे. हॉटेलवाल्यांनी भिंतीवर चिकटवलेली ती नदी तिच्या डोळ्यांसमोर होती. तिला स्वतःच्या गुडघ्यांचा इतका संताप आला की क्षणभर तिला पोरीचं रडणंही ऐकू आलं नाही.

तिने यशूला उचललं. तिच्या ओल्या गालाचा मुका घेतला. आणि टेबलाला वळसा घालून ती सदूसमोर गेली, त्याच्या हातातला चमचा काढून घेतला आणि यशू त्याच्या मांडीवर ठेवली.

"अगो, हे काय?"

"नात."

"मला कुटं जमतं? माझ्याकडं ऱ्हात नाय ती!"

"ऱ्हाईल. मला पन पयल्या दिवशी कुनी शिकवलं नव्हतं."

ती परत येऊन बसली आणि तिने चमचा उचलला. रोहन अर्धवट उठला होता. "आई, अगं, लोक बघतायत..."

"बघू दे. रोहन, नीट ऐक. तिकडं गेल्यावर बघू नाय. आताच बघायचं. होडीत मी बसनार. पोरीजवळ कोन ऱ्हानार ते तुमी ठरवा, पन तो मी नाय. मावशी रिटायर झाली. तुमाला कुनी सांगितलं नाय वाटतं."

पलीकडे यशूला आजोबांच्या मांडीवर झोके घेता घेता काय वाटलं कोण जाणे. ती एकदम गप्प झाली, तिने तोंड वासलं, आणि सकाळपासूनचं सगळं दूध सदूच्या पांढऱ्याशुभ्र बुटांवर ओतलं.

"भिमे!" सदू ओरडला. "अगो, फडकं! पिशवी! काय तरी दे!"

गुडघे पुन्हा हलले. भिमाबाईने दोन्ही पाय जमिनीवर गच्च रोवले.

"पिशवी निळ्या बॅगेत, बाजूच्या कप्प्यात. फडकं तिच्या खाली," ती जागेवरूनच म्हणाली. "आदी पोरीचं तोंड पुसा, मग बूट. पाठ चोळा तिची. वरून खाली नाय, खालून वर."

सदू फडक्याशी झटापट करू लागला. मनाली मदतीला उठायला निघाली, तिने सासूकडे बघितलं, आणि का कोण जाणे, परत खाली बसली. सौरभने काठी केव्हाच मिटून ठेवली होती. पाठ चोळून चोळून यशू हळूहळू शांत झाली आणि आजोबांच्या शर्टाचं बटण चावू लागली. रोहन कितीतरी वेळ त्या दोघांकडे बघत होता. मग त्याने खिशातून मोबाईल काढला, चौथ्या दिवसाचं पान उघडलं आणि घसा साफ केला.

"बाबा, निन्ह बिन्हच्या दिवशी... तुम्ही यशूजवळ थांबाल?"

"मी?" सदूच्या आवाजात खरंच भीती होती. "दिवसभर? एकटा? त्या परक्या मुलखात हॉटेलात बसून मी करू काय?"

भिमाबाईने वाडगा दोन्ही हातांनी उचलून तोंडाला लावला, तळाचा रस संपवला आणि मग खाली ठेवला.

"खिडकीतून तळं दिसतं," ती म्हणाली. "आनि कुकर हाय. खास तुमच्यासाठी."